उत्तर ऐकू आलं नाही

सिस्टर : ...ते सलाइनच्या बाटल्यांचं राहू दे आता. बोट येईल तेव्हा येतील. माझ्या हाताखालच्या पोरीचं, ताराताकेचं, काय झालं ते सांग. निकाल आजच लागणार होता ना? ओव्हर.

सिस्टर : इओतेबा? बटण दाबल्याचा टक् आवाज येतोय, पण तू काही येत नाहीयेस. ओव्हर.

इओतेबा : आहे, सिस्टर. ऐकतोय. लागलाय निकाल. ओव्हर.

सिस्टर : मग मघाशी गप्प का बसलास? मला वाटलं आमची बॅटरी बसली. सकाळपासून ढग आहेत, सोलरचा काही भरवसा नाही. पटकन बोल. ओव्हर.

इओतेबा : बोलतो. बाहेरच्या बेटांवरच्या दवाखान्यांसाठी नर्सिंगच्या ज्या अनुदानित जागा यंदा मंजूर झाल्या होत्या, त्यांपैकी तुमच्या ओनोतोआ बेटाच्या जागेबाबत समितीनं सर्व बाबींचा साकल्यानं विचार करून, ती जागा या वर्षी न भरण्याचा निर्णय घेतला आहे. ओव्हर.

सिस्टर : रेडिओवर मधेच तोडता येत नाही म्हणून वाचलास. आता आईशी बोलतोस तसं बोल. ताराताकेला घेतली की नाही घेतली? ओव्हर.

इओतेबा : नाही घेतली. ओव्हर.

सिस्टर : का?

सिस्टर : ओव्हर म्हणायचं राहिलं. का? ओव्हर.

इओतेबा : ते गोपनीय असतं, सिस्टर. ओव्हर.

सिस्टर : गोपनीय? या लाइनवर बेरू बेटाची नर्स ऐकतेय, निकुनाउची ऐकतेय, आरोराएची तर जेवण सोडून बसली असेल. माझ्या खिडकीबाहेर अर्धं गाव उभं आहे. आणि तू माझ्याशी गोपनीय बोलतोस? अरे, तुला मी जगात आणलाय. पायाळू होतास. पाय आधी, डोकं नंतर. तेव्हापासून तुझं हे असंच. महत्त्वाचं ते सगळ्यात शेवटी. ओव्हर.

इओतेबा : हे बेरूलासुद्धा ऐकू गेलं, सिस्टर. ओव्हर.

सिस्टर : त्यांना आधीपासून ठाऊक आहे. ओव्हर.

इओतेबा : बरं. मग मी एक विनंती करतो. बुबुती घालू नका. तुम्ही आईच्या चुलतबहीण. नात्यातल्या मोठ्या माणसानं तोंड उघडून मागितलं की आपल्यात नाही म्हणायची सोय नसते, आणि ही जागा म्हणजे काही माझी होडी नाही, सोडून द्यायला. शेजारी जोनबाई बसल्यात. ज्या देशाच्या सरकारी पैशातून ही ट्रेनिंगं चालतात, तिकडून त्या आल्यात. मी त्यांच्यासमोर काय सांगणार, की मावशीनं मागितली म्हणून दिली? ओव्हर.

सिस्टर : बुबुती घालायची असती तर मुलाखतीच्या आधीच घातली असती. तुला कशाला, तुझ्या आईलाच सांगितलं असतं, तिनं तुझं जेवण बंद केलं असतं. नाही घातली. घालणारही नाही. मागून मिळालेल्या जागेवर ती पोर जन्मभर खाली मान घालून बसेल, आणि नर्सनं खाली मान घातली की पेशंट तिचं ऐकत नाही. मिळाली तर स्वतःच्या उत्तरांवर मिळू दे. नाही मिळाली तर नाही. फक्त काय चुकलं ते मला कळू दे. मी शिकवलंय तिला, म्हणजे चूक निम्मी माझी. ओव्हर.

इओतेबा : चुकलं काहीच नाही. उलट, खरं सांगू का? सगळ्या बेटांच्या मुलाखती घेतल्या आम्ही, इतकी चांगली कुणाचीच झाली नाही. तिनं ते मानेआबातल्या पायांचं सांगितलं ना, तेव्हा जोनबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओव्हर.

सिस्टर : सांगितलं का तिनं? आदल्या दिवशी मला म्हणत होती, नको, लाज वाटते. काय काय सांगितलं? ओव्हर.

इओतेबा : की शुगरवाल्या म्हाताऱ्यांचे पाय कुणीतरी नेमानं बघायला हवेत, नाहीतर बारीकशी जखम चिघळते आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. पण म्हातारे दवाखान्यात येत नाहीत. सापडतात ते मानेआबात, सभेच्या छपराखाली, आणि तिथं तर मांडी घालूनच बसायचं, चारचौघांसमोर तळवे करायचे नाहीत. जोनबाईंना हे मला समजावून सांगावं लागलं. मग ही म्हणाली, मी त्यांना मानेआबाच्या कडेला बसवलं, पाय बाहेर समुद्राकडे सोडून. जोनबाईंनी विचारलं, पण सभेकडे पाठ करणं चालतं का? तर म्हणाली, नाही चालत. म्हणून मी सगळ्यांना एकदमच पाठ करायला लावली. सगळ्यांचीच पाठ, मग अपमान कुणी कुणाचा करायचा? ओव्हर.

सिस्टर : अगदी खरं आहे. मी पाहिलंय की. ओळीनं म्हातारे बसलेत समुद्राकडे बघत, आणि ही खाली वाळूत गुडघ्यांवर, बादली आणि फडकं घेऊन. एकाचा पाय पुसतेय तोवर पलीकडचा ओरडतो, माझ्याकडे कधी येणार. तेबाऊच्या अंगठ्याखाली जखम होती, त्याला स्वतःला पत्ता नव्हता. हिनं काढली शोधून. आज तो त्या पायानं माडावर चढतोय, चढू नको म्हटलं तरी. इतकी वर्षं मी त्या लोकांना दवाखान्यात बोलावतेय, मला काही हे सुचलं नाही. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही इओतेबा, मला तिचा अभिमान वाटतो. आता सांग, घोडं कुठं अडलं? ओव्हर.

इओतेबा : शेवटच्या प्रश्नावर. सगळ्यांना विचारतो आम्ही तो. शिकून झाल्यावर आपल्या बेटावर परत येशील का? या पैशामागचा सगळा हेतूच तो आहे, बेटाच्या माणसानं शिकावं आणि बेटावर परतावं. आधी शिकवलेल्या किती जणी आज बेटांवर आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. ओव्हर.

सिस्टर : नको सांगूस. माझीच लेक त्यातली. नर्सिंग शिकली आणि आता ब्रिस्बेनला म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहे. चांगलं काम करते, चार माणसं तिचं नाव काढतात. मी तिला बोल लावत नाही. बरं, ताराताके काय म्हणाली? ओव्हर.

इओतेबा : काहीच नाही म्हणाली. ओव्हर.

सिस्टर : काहीच नाही म्हणजे? ओव्हर.

इओतेबा : म्हणजे टक् असा बटणाचा आवाज आला, मग नुसती खरखर. आम्ही थांबलो. जोनबाईंनी प्रश्न परत विचारला. परत टक्, परत खरखर. मग जोनबाई हळूच मला म्हणाल्या, राहू दे, बिचारीला खोटं बोलायचं नाहीये. आणि सिस्टर, आम्हाला राग नाही आला हो. कौतुकच वाटलं. धडधडीत हो म्हणून जाणाऱ्या आणि तिकडंच राहणाऱ्या आम्ही पुष्कळ पाहिल्यात. ही प्रामाणिक निघाली. पण नियम तो नियम. ओव्हर.

सिस्टर : थांब, थांब. त्या दिवशी मी उत्तरेकडच्या गावात बाळंतपणाला गेले होते. सायकलवरून परत आले तर ही दारातच उभी. मी विचारलं, शेवटी काय विचारलं त्यांनी? म्हणाली, परत येशील का म्हणून. मी विचारलं, मग? म्हणाली, हो सांगितलं, दोनदा सांगितलं. ओव्हर.

इओतेबा : सिस्टर, समितीत आम्ही चौघं होतो. चौघंही बहिरे असू का? ओव्हर.

सिस्टर : आणि माझी पोर खोटारडी असेल का? ओव्हर.

इओतेबा : असं मी म्हणत नाही. लाइन खराब असेल. ओव्हर.

सिस्टर : लाइन खराब असती तर म्हाताऱ्यांचे पाय तुम्हाला ऐकू आले नसते. थांब, ती मागं बँडेजं वाळत घालतेय, बोलावते. मी बटण दाबूनच धरते, म्हणजे तुलाही ऐकू येईल. ताराताके, इकडं ये गं. हात पूस आधी. बस इथं. हे बघ, इओतेबा आहे लाइनवर. घाबरू नकोस, खरं काय ते सांग. त्या दिवशी त्यांनी विचारलं, परत येशील का. तू उत्तर दिलंस?

सिस्टर : नक्की दिलंस?

सिस्टर : म्हणजे हो म्हणून सांगितलंस?

सिस्टर : अगं मग बोल की, तो तिकडं ऐकत...

सिस्टर : अरे देवा.

सिस्टर : इओतेबा, जरा थांब. मला हसू आवरत नाहीये. ओव्हर.

इओतेबा : काय झालं? ती तर काहीच बोलली नाही. आत्तासुद्धा नाही. ओव्हर.

सिस्टर : बोलली रे. माझ्या तोंडासमोर तीनदा बोलली. भुवया वर करून. मी विचारतेय आणि ही आपली भुवया उचलतेय, हो, हो, हो. त्या दिवशीही हेच केलं असणार. एकटी त्या खोक्यासमोर बसून, बटण दाबून, भुवया उंच. दोनदा. तिनं उत्तर दिलं होतं बाबा. तुम्हाला दिसलं नाही एवढंच. ओव्हर.

सिस्टर : ऐकलंस का? ओव्हर.

इओतेबा : ऐकलं. सिस्टर, आम्हा चौघांत तिघं याच बेटांवरची माणसं. जन्मल्यापासून भुवयांनीच हो म्हणतोय. एकालाही हे सुचू नये? ओव्हर.

सिस्टर : तुला कसं सुचेल? मघाशी मी विचारलं, निकाल आजच लागणार होता ना. टक्. खरखर. काय करत होतास तू तेव्हा? ओव्हर.

इओतेबा : ...भुवया.

सिस्टर : ओव्हर म्हण.

इओतेबा : भुवया. ओव्हर.

सिस्टर : ज्यावर मुलाखत व्हायची होती ते कौन्सिलच्या आवारातलं चित्रवालं यंत्र त्या दिवशी बंद पडलं नसतं, तर तुम्हाला तिचं तोंड दिसलं असतं आणि हा घोळच झाला नसता. बाईंना सांगितलंस का? काय म्हणतात त्या? ओव्हर.

इओतेबा : सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. आता म्हणतात, आल्या त्या आठवड्यात त्या बाजारात गेल्या होत्या. एका बाईला विचारलं, हा मासा आजचा आहे का? बाईनं भुवया वर केल्या. जोनबाईंना वाटलं, आपण मासा शिळा म्हटलं म्हणून ती चिडली. तिची माफी मागितली आणि मासा न घेताच घरी आल्या. म्हणतात, या ऑफिसातला प्रत्येक माणूस माझ्याशी बोलत होता आणि मी समजत होते की इथली माणसं फार अबोल आहेत. ओव्हर.

सिस्टर : माशाचं राहू दे, मासे रोज येतात. जागेचं काय? ओव्हर.

इओतेबा : नावं आज संध्याकाळी तिकडं कळवायची आहेत. ओनोतोआचं नाव गेलं नाही तर ही जागा परत जाते. जोनबाई म्हणतात, अजून वेळ आहे. समितीतले बाकीचे दोघं पलीकडच्या खोलीत आहेत, त्यांना बोलावलंय. सगळ्यांसमोर तोच प्रश्न परत विचारणार. पण यावेळी आवाज हवा. ओव्हर.

सिस्टर : ऐकलंस ना पोरी? तोंडानं बोलायचं. या खोक्याला डोळे नाहीत. इथं दाबायचं, बोलायचं, ओव्हर म्हणायचं, सोडायचं. आणि भुवया खाली ठेव. कशा ठेवायच्या म्हणजे? माझ्याकडे बघू नकोस, भिंतीकडे बघ. घे.

इओतेबा : ताराताके, आम्ही चौघंही ऐकतोय. शिकून झाल्यावर ओनोतोआला परत येशील का? ओव्हर.

ताराताके : हो. येईन. ओव्हर.

इओतेबा : छान, मोठ्यानं ऐकू आलं. आता जोनबाई विचारताहेत, शिकलेल्या नर्सला त्यांच्या देशात लगेच काम मिळतं, पगार इथल्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्या म्हणतात, कुणीही मोहात पडेल, मीसुद्धा पडले असते. तरी येशील? खरं सांग, कुणी रागावणार नाही. ओव्हर.

ताराताके : खरं सांगायचं तर मला तिकडं जायचंय. ओव्हर.

सिस्टर : ताराताके!

ताराताके : बघायला जायचंय, सिस्टर. बटण दाबलेलंच आहे का? असू दे. मला नदी बघायचीय. सिस्टरची नात फोनवर सांगत होती, त्यांच्या घरामागं नदी आहे, पाणी गोडं असतं आणि आपलं आपण वाहत जातं, भरती नाही, ओहोटी नाही. मला ते खरं वाटलं नाही. ते बघायचंय. आणि ती पेटी, आत उभं राहिलं की माणूस वर जातो, त्यात बसायचंय. ट्रेनिंग झालं की सुट्टी घेऊन बघून येईन. मग घरी. ओव्हर.

इओतेबा : जोनबाई विचारतात, घरी का? ओव्हर.

ताराताके : म्हातारे आहेत ना मानेआबाच्या कडेला. मी आले नाही तर ते परत मांडी घालून आत वळून बसतील. त्यांना एकदा बाहेर वळवायला मला किती दिवस लागले, सिस्टरना विचारा. तेबाऊआजोबा तर म्हणायचे, तुझ्या बापाचे पाय मी कधी पाहिले नाहीत, तू माझे बघणार? आता सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. मी शिकून आले की त्यांचे पाय बघता येतील आणि ज्यांचा पाय आधीच गेलाय त्यांना कुबड्या सोडवून नकली पायावर चालवता येईल. ते मला अजून येत नाही, ते शिकायचंय. म्हणून जायचंय आणि म्हणूनच यायचंय. हे मी त्या दिवशीही सांगणार होते, पण तुम्ही हो की नाही एवढंच विचारलंत. ओव्हर.

सिस्टर : इओतेबा, आहेस ना? आता तरी भुवया उडवू नकोस. ओव्हर.

इओतेबा : आहे. इथं सगळे एकमेकांकडे बघताहेत. जोनबाई नाक पुसताहेत. ओनोतोआच्या पुढे ताराताकेचं नाव. समितीचा होकार, चौघांचाही, तोंडानं दिलेला. पोरी, मनापासून सांगतो, तुझ्यासारखी मुलगी आली की वाटतं, आमच्या या खुर्च्या-टेबलांचा काहीतरी उपयोग आहे. ओव्हर.

सिस्टर : बाहेर ऐकू येतंय का तुला? खिडकीबाहेर नाचताहेत. तेबाऊ त्या पायावर नाचतोय, थांबवा रे त्याला कुणीतरी. इओतेबा, बाईंना माझा एक निरोप दे. मीही अशाच सरकारी पैशातून शिकले. आमच्याकडे माडांखेरीज काही नव्हतं, बापानं मला शिकवायचं कुठून? कुठल्यातरी परक्या देशात कुणीतरी कर भरला. त्या माणसाला ओनोतोआ नकाशात दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही. पण त्याच्यामुळं मी इथं उभी राहिले, आणि या बेटावर बायका बाळंतपणात मरायच्या, त्या मरायच्या थांबल्या. हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. बाई घरी गेल्या की त्यांनी सांगावं. ओव्हर.

इओतेबा : त्या लिहून घेताहेत, तुमच्याच शब्दांत. मावशी... ओव्हर.

सिस्टर : मावशी? कामाच्या वेळी तू मला सिस्टर म्हणतोस. काय राहिलंय अजून? ओव्हर.

इओतेबा : एक अट राहिलीय. ओव्हर.

सिस्टर : महत्त्वाचं ते शेवटी. पायाळू. बोल. ओव्हर.

इओतेबा : दर वर्षी सुट्टीत या मुलींनी आपापल्या बेटावरच्या दवाखान्यात काम करायचं असतं, नोंदणी झालेल्या नर्सच्या हाताखाली. तशी नर्स तिथं नसेल तर जागा मंजूर होत नाही. आणि तुम्ही ख्रिसमसच्या बोटीनं लेकीकडे निघताय. ओव्हर.

सिस्टर : मी निवृत्त होतेय. माझ्या जागी तुम्ही कुणाला तरी पाठवणार होतात ना? ओव्हर.

इओतेबा : पाठवायला कुणी असतं तर ही जागा कशाला काढली असती? दोन वर्षं विचारतोय, तितक्या दूर कुणी यायला तयार नाही. मावशी, ताराताकेला नाही म्हणायचं ठरलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण मनातून जरा सुटल्यासारखंही वाटलं होतं. म्हटलं, आता निदान मावशीला अडवायला नको. ओव्हर.

सिस्टर : किती दिवस? ओव्हर.

इओतेबा : ती शिकून येईपर्यंत. तीन वर्षं. ओव्हर.

सिस्टर : माझी बॅग भरून झालीय रे. चटई तेवढी मावत नाहीये, नातीसाठी विणलीय. ती मला फोनवरच ओळखते. रविवारी कौन्सिलच्या आवारात जाते मी, पण मला तो फोन काही नीट धरता येत नाही, तिला नेहमी माझं कपाळच दिसतं. भुवयांची आजी म्हणते मला. तिला म्हटलं होतं, यंदा सगळी आजी दाखवते. ओव्हर.

ताराताके : सिस्टर, तुम्ही जा. मी पुढल्या वर्षी परत मुलाखत देईन. आता मला बोलता येतं.

सिस्टर : इओतेबा, ही म्हणतेय पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी असेल का ही जागा? ओव्हर.

इओतेबा : खोटं नाही सांगणार. माहीत नाही. पैसा वर्षाच्या वर्षाला मंजूर होतो. जोनबाई म्हणतात, त्या भांडतील, पण वचन देता येत नाही. ओव्हर.

ताराताके : तरीही जा. म्हातारे थांबतील. मी त्यांना सांगेन.

सिस्टर : तू जा बाहेर. बँडेजं अर्धी राहिलीत वाळत घालायची, पाऊस आला तर सगळी भिजतील. आणि तेबाऊला खाली बसव. जा म्हटलं ना.

इओतेबा : मावशी, गेली का ती? ओव्हर.

सिस्टर : गेली. दाराआड उभी आहे, तिला वाटतंय मला दिसत नाही. ओव्हर.

इओतेबा : मग ऐका. मी हे ऑफिसचा माणूस म्हणून विचारतोय, तुमच्या बहिणीचा मुलगा म्हणून नाही. ही बुबुती नाही. तुम्ही नाही म्हणालात तर नाही, कुणी चकार शब्द काढणार नाही, बेरूसुद्धा. तुम्ही या बेटाचं जेवढं केलंत तेवढं पुष्कळ झालं. तरी विचारतो. ती येईपर्यंत थांबाल का? ओव्हर.

(टक् असा बटणाचा आवाज. मग नुसती खरखर.)

इओतेबा : ऐकू आलं, मावशी. जोनबाई म्हणतात, त्यांनाही आलं.